जावा ८ वरून जावा २१ कडे: आधी रनटाइम, मग कोड

जावा या प्रोग्रामिंग भाषेची आठवी आवृत्ती, जावा ८, मार्च २०१४ मध्ये आली. त्यानंतरच्या जावाबद्दल जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा रेकॉर्ड, सील्ड क्लास, व्हर्च्युअल थ्रेड अशी नव्या गोष्टींची ओळख असते. ज्यांच्या हातात दहा-बारा वर्षांचा चालता कोड आहे त्यांची अडचण वेगळीच असते: हे सगळं आमच्यापर्यंत पोहोचणार कसं? टीममध्ये विषय निघतो आणि "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" इथं येऊन थांबतो.

मी पतसंस्थांच्या हिशेबाची एक जुनी प्रणाली सांभाळतो. ती ८ वरून १७ वर आणि तिथून २१ वर नेताना जो क्रम उपयोगी पडला, तो इथं मांडतो. आधी रनटाइम (कोड चालवणारी जावा) बदलायचा, आपल्या कोडची एकही ओळ न बदलता. मग कंपायलर (लिहिलेला कोड जावाला चालवता येईल अशा रूपात, म्हणजे बाइटकोडमध्ये, बदलणारा), मग फ्रेमवर्क (ज्या तयार चौकटीवर प्रणाली उभी आहे ती), आणि नवी वाक्यरचना सगळ्यात शेवटी. पहिल्या खेपेला आम्ही हे चारही बदल एकाच ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) सुरू केले होते. दोन महिन्यांनी ती ब्रँच टाकून द्यावी लागली, कारण काय कशामुळे मोडलंय हेच सांगता येईना.

आज्ञा आणि पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं.

कुठल्या आवृत्तीवर जायचं

सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आली आणि तेव्हापासून दर मार्च-सप्टेंबरला नवी आवृत्ती येते. प्रॉडक्शनसाठी, म्हणजे खऱ्या वापराच्या सर्व्हरसाठी, लक्षात ठेवायच्या त्या दीर्घ मुदतीच्या सपोर्टवाल्या: ११ (२०१८), १७ (२०२१), २१ (२०२३) आणि २५ (सप्टेंबर २०२५). मधल्या आवृत्त्या घरी खुशाल चालवून बघा, सर्व्हरवर ठेवू नका.

८ वरून निघालेल्यांनी पहिला मुक्काम १७ वर करावा, असं माझं ठाम मत आहे. जुना कोड मोडणारे बहुतेक बदल ९ ते १७ च्या दरम्यान झालेत. तो पट्टा पार पडला की १७ ते २१ आणि २१ ते २५ हे टप्पे त्या मानानं सरळ आहेत.

जेडीके (जावाचा कंपायलर, रनटाइम आणि साधनं यांचा संच) कुणाचं घ्यायचं हेही आत्ताच ठरवा. ओपन जेडीकेचा मूळ सोर्स एकच आहे, त्यावरून टेमुरिन, कोरेटो, झुलू असे अनेक बिल्ड तयार होतात आणि ते मोफत मिळतात. ऑरॅकलनं एप्रिल २०१९ पासून स्वतःच्या जावा ८ च्या नव्या अपडेटचे व्यावसायिक वापराचे नियम बदलले. त्यामुळे सर्व्हरवर नेमका कुठला बिल्ड आहे आणि त्याचा परवाना काय सांगतो, हे एकदा वाचून घेतलेलं बरं.

पहिली पायरी: जे चालू आहे त्याची नोंद

डेव्हलपरच्या लॅपटॉपवर, बिल्ड सर्व्हरवर आणि प्रॉडक्शनवर 'जावा -व्हर्जन' चालवा आणि तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा. तिन्ही एकसारखी निघाली तर तुमचं नशीब चांगलं.

नंतर सर्व्हर सुरू करणारी स्क्रिप्ट उघडा आणि जेव्हीएमला (जावाचा कोड प्रत्यक्ष चालवणाऱ्या भागाला) दिलेला प्रत्येक पर्याय कागदावर उतरवा. या स्क्रिप्टमध्ये वर्षानुवर्षांचा साठा असतो. मॅक्स-पर्म-साइझ, कॉन्करंट-मार्क-स्वीप कलेक्टर (वापर संपलेली मेमरी मोकळी करणारा भाग; या कामाला जीसी म्हणतात), प्रिंट-जीसी-डेट-स्टॅम्प्स हे पर्याय हमखास सापडतील. जावा १७ ला यांतलं काहीही ओळखू येत नाही. ती नुसती सूचना देऊन पुढे जात नाही, जेव्हीएम सुरूच होत नाही. जीसीचे लॉग हवे असतील तर जावा ९ पासून त्यासाठी 'एक्स-लॉग' हा एकच पर्याय आहे. कलेक्टरचं म्हणाल तर ९ पासून जी-१ हाच डिफॉल्ट आहे. पहिले काही दिवस त्यावरच चालू द्या, जुने ट्यूनिंगचे आकडे सोबत नेऊ नका. ते वेगळ्या कलेक्टरसाठी काढलेले असतात.

दुसरी पायरी: जुना जार, नवा जेव्हीएम

आता तोच जार (कंपाइल झालेल्या कोडची फाइल), जसाच्या तसा, टेस्ट सर्व्हरवर जावा १७ खाली चालवा. त्याआधी दहा मिनिटं दोन साधनांना द्या, दोन्ही जेडीकेतच येतात. 'जेडेप्स'ला 'जेडीके-इंटर्नल्स' हा पर्याय दिला की तुमचा कोड जावाच्या आतल्या कुठल्या खासगी क्लासला हात घालतो ते दिसतं. 'जेडेप्रस्कॅन' काढून टाकायला घेतलेल्या एपीआयचा वापर दाखवतं. आमच्याकडे पहिल्याच फटक्यात सन-मिस्क पॅकेजमधला बेस-६४ एन्कोडर निघाला. तो जावा ९ मध्ये गेला. जावा-युटिलमधला बेस-६४ त्याची जागा घेतो आणि तो जावा ८ पासूनच आहे, म्हणजे ही दुरुस्ती जुन्या आवृत्तीवर असतानाच करून टाकता येते. मात्र 'जेडेप्स' फक्त थेट संदर्भ बघतं. रिफ्लेक्शननं, म्हणजे कोड चालत असताना क्लासच्या आत डोकावून, केलेले उद्योग प्रत्यक्ष चालवल्यावरच उघडे पडतात.

चालवल्यावर साधारण तीन प्रकारच्या चुका येतील.

पहिली, क्लास सापडत नाही. एक्सएमएलसाठीचं जॅक्सबी आणि त्याच्या सोबतचे काही मोड्यूल जावा ११ मध्ये जेडीकेतून काढले गेले. ते वेगळी डिपेंडन्सी (बाहेरून घेतलेली लायब्ररी) म्हणून बिल्ड फाइलमध्ये टाकले की काम झालं.

दुसरी, 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१'. हे आकडे पाठच असावेत: जावा ८ म्हणजे ५२, ११ म्हणजे ५५, १७ म्हणजे ६१, २१ म्हणजे ६५, २५ म्हणजे ६९. एखादी लायब्ररी बाइटकोड उघडून वाचते आणि तिला हा नवा आकडा ठाऊक नसतो, असा या चुकीचा अर्थ. मॉकिटो आणि जाकोको ही टेस्टची साधनं आणि जुनं स्प्रिंग फ्रेमवर्क हे नेहमीचे संशयित. लॉम्बोक या लायब्ररीचा जुना अवतारही नव्या कंपायलरवर असाच अडतो. इलाज एकच, त्या लायब्रऱ्यांच्या नव्या आवृत्त्या. हे काम जावा ८ वर असतानाच, एकेक लायब्ररी घेऊन, प्रॉडक्शनपर्यंत नेऊन संपवा.

तिसरी, 'इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन'. जावाच्या आतल्या खासगी फील्डना रिफ्लेक्शननं हात लावला तर ९ ते १५ या आवृत्त्या नुसती ताकीद देत. १६ पासून डिफॉल्टनं मनाई झाली आणि १७ मध्ये सरसकट सूट देणारा पर्यायही काढला गेला. आता 'ॲड-ओपन्स' देऊन एकेक पॅकेज उघडावं लागतं. ही कुबडी आहे, पण सुरुवातीला लागते. प्रत्येक 'ॲड-ओपन्स' ओळीच्या वर कुठल्या लायब्ररीसाठी आणि कुठल्या तारखेला घातली ते कॉमेंटमध्ये लिहा. सहा महिन्यांनी त्या ओळी काढायला घ्याल तेव्हा ही नोंद नसेल, तर कुणीही हात लावायला धजावणार नाही.

एवढं झाल्यावर, एकही ओळ न बदलता, काही गोष्टी पदरात पडतात. नल पॉइंटर एक्सेप्शन (रिकाम्या, म्हणजे 'नल', संदर्भाला हात लावल्याची चूक) आता नुसता ओळ क्रमांक देत नाही, नेमकं काय नल होतं ते सांगतं. "खात्याचा मालक नल असल्यामुळे पत्ता मिळवता आला नाही" अशा अर्थाचा मजकूर लॉगमध्ये येतो. रात्री दोनला लॉग वाचणाऱ्यालाच याचं मोल कळेल. जावा ९ पासून स्ट्रिंगची मेमरीही कमी झाली आहे, पण आपल्या संदर्भात एक बारकावा आहे. फक्त लॅटिन-१ मधली अक्षरं असतील तरच एका अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरी आली की ती अख्खी स्ट्रिंग पूर्वीसारखी अक्षरामागे दोन बाइटच घेते. सभासदांची नावं मराठीत ठेवणाऱ्या प्रणालीत बचत कमी दिसेल.

तिसरी पायरी: मराठी मजकूर आणि तारखा

मराठी डेटा असलेल्यांनी या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. कंपायलर इथं काहीच सांगत नाही.

जावा १७ पर्यंत मजकुराचं डिफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) ऑपरेटिंग सिस्टिम ठरवायची. विंडोजवर ते साधारणपणे विंडोज-१२५२ असे, त्यात देवनागरीला जागाच नाही. लिनक्सवर ते लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) अवलंबून. आमची रात्रीची सभासद यादी हातानं चालवली की मराठी नावं बरोबर यायची आणि क्रॉनमधून (लिनक्सवर ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून) चालली की सगळीकडे प्रश्नचिन्हं. कारण साधं होतं: क्रॉनच्या वातावरणात लोकेल सांगणारं लँग हे व्हेरिएबलच नव्हतं, म्हणून जावानं एन्कोडिंग म्हणून निव्वळ आस्की धरलं. मार्च २०२२ मधल्या जावा १८ पासून सगळीकडे डिफॉल्ट यूटीएफ-८ आहे. २१ वर पोहोचलात की हा आजार आपोआप जातो.

आपोआप जाणाऱ्या गोष्टीच इथं घात करतात. जुन्या प्रणालींत श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असतो. तो युनिकोड नसतो. इंग्रजी आणि लॅटिन चिन्हांच्या बाइटवर मराठी आकार बसवलेले असतात. अशी फाइल विंडोज-१२५२ समजून वाचली जात होती तोवर बाइट बहुतेक शाबूत राहत. जावा २१ तीच फाइल यूटीएफ-८ समजून वाचेल, १२७ च्या वरचे बाइट तिला अवैध वाटतील, त्या जागी बदली चिन्ह येईल, आणि पुन्हा सेव्ह केलं की मूळ अक्षर कायमचं गेलं. परत आणायचा मार्ग नाही.

म्हणून २१ वर जाण्याआधी कोडमध्ये हे शोधा: फाइल रीडर, फाइल रायटर, एन्कोडिंग न देता केलेलं 'गेट-बाइट्स', आणि बाइट ॲरेवरून एन्कोडिंग न देता बनवलेली स्ट्रिंग. या प्रत्येक जागी एन्कोडिंग स्पष्ट लिहा. नव्या फाइलना यूटीएफ-८. जुन्या फॉन्टच्या फाइलना आयएसओ-८८५९-१, कारण त्यात २५६ पैकी प्रत्येक बाइटला एक अक्षर ठरलेलं आहे आणि वाचताना काहीच गळत नाही. मग त्या फॉन्टच्या तक्त्यावरून युनिकोडमध्ये रूपांतर करा. 'फाइल्स' क्लासचं न्यू-बफर्ड-रीडर मात्र जावा ८ पासूनच यूटीएफ-८ धरतं, त्याला हात लावायची गरज नाही. लगेच इतका शोध शक्य नसेल तर फाइल-एन्कोडिंग या प्रॉपर्टीला 'कॉम्पॅट' देऊन जुनं वागणं तात्पुरतं परत आणता येतं.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मराठी तरीही चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर गोंधळू नका. कन्सोलचं एन्कोडिंग वेगळं ठरतं. आधी कोड पेज ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) करा, मग तपासा.

लांबीचंही एक सांगून ठेवतो. 'मराठी' या शब्दाची लांबी जावा ५ सांगते, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. डोळ्यांना ३ अक्षरं दिसतात. नाव पावतीवर ठरावीक लांबीला कापणारा कोड असेल तर मात्रा तुटून पुढच्या ओळीवर जाते. कापण्यासाठी अक्षरांच्या सीमा दाखवणारा ब्रेक-इटरेटर वापरा.

तारखांचा मजकूर आवृत्तीगणिक बदलतो. महिन्यांची नावं आणि मांडणी जावा ९ पासून सीएलडीआर या युनिकोडच्या साठ्यातून येते आणि तो साठा सुधारत राहतो. ब्रिटिश इंग्रजीत सप्टेंबरचं तीन अक्षरी रूप जावा १६ पासून चार अक्षरी झालं. जावा २० पासून अमेरिकन इंग्रजीच्या वेळेत एएम-पीएमच्या आधी साध्या स्पेसऐवजी एक अरुंद स्पेस येते, ती डोळ्यांना दिसत नाही पण तुलना करताना आडवी येते. ज्या तारखा फाइलमधून दुसऱ्या प्रणालीकडे जातात त्या आकड्यांतच लिहा, महिन्याचं नाव नको. आमचं व्याज आकारणीचं गणित ऑगस्टपर्यंत बरोबर चाललं आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला आयात थांबली, ती याच एका अक्षरामुळे.

चौथी पायरी: कंपायलर, पण उलटी वाट मोकळी ठेवून

आता बिल्ड जावा १७ च्या कंपायलरवर न्या, पण लक्ष्य अजून ८ च ठेवा. त्यासाठी 'रिलीज' हा पर्याय वापरा, जुने 'सोर्स' आणि 'टार्गेट' नव्हे. फरक मोठा आहे. 'सोर्स-टार्गेट' फक्त वाक्यरचना आणि बाइटकोड ८ चा ठेवतात, लायब्ररी मात्र नव्या जेडीकेची बघतात. बाइट-बफरच्या 'फ्लिप'सारख्या मेथड जावा ९ मध्ये वेगळा प्रकार परत करू लागल्या. त्यामुळे असा कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि जावा ८ वर चालताना 'नो सच मेथड एरर' देऊन पडतो. 'रिलीज ८' दिलं की कंपायलर ८ च्याच लायब्ररीशी पडताळतो. जार दोन्हीकडे चालतो आणि प्रॉडक्शनवर काही बिघडलं तर पाच मिनिटांत मागे येता येतं. हे स्थिर झालं की मग 'रिलीज १७', पुढे २१.

पाचवी पायरी: फ्रेमवर्क

स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कचं ३.० हे रूप नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्याला किमान जावा १७ लागते आणि त्यात 'जावाएक्स'ची पॅकेजं 'जकार्ता' झाली आहेत. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन बदलतात. जावाएक्स-एसक्यूएल आणि जावाएक्स-क्रिप्टो जेडीकेचेच आहेत, ते तसेच राहतात. म्हणून सरसकट शोधा-आणि-बदला करू नका. हे काम यांत्रिक आहे, ओपन-रीराइटसारखी साधनं त्यातलं बरंच करून देतात. तो बदल मात्र एका वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्येच (कोडमधल्या बदलाच्या प्रस्तावातच) ठेवा, सोबत दुसरं काही नको.

सहावी पायरी: आता भाषेतल्या नव्या गोष्टी

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रेकॉर्ड (फक्त डेटा धरणारा छोटा क्लास), सील्ड इंटरफेस (आपले प्रकार ठरवून बंद करणारा) आणि पॅटर्नवाला स्विच (प्रकार बघून वाट निवडणारा) या तिघांच्या जोडणीचा.

समजा भरण्याचे प्रकार तीन आहेत: रोख, धनादेश, यूपीआय. जुन्या कोडमध्ये एकच मोठा भरणा क्लास, त्यात धनादेश क्रमांक, बँक, यूपीआयचा व्यवहार क्रमांक अशी सगळी फील्ड, आणि रोख असेल तर निम्मी नल. शिवाय प्रकार सांगणारी एक स्ट्रिंग, आणि ती तपासणाऱ्या इफ-एल्सच्या साखळ्या चाळीस ठिकाणी. नव्या पद्धतीत 'भरणा' हा सील्ड इंटरफेस होतो आणि तो जाहीर करतो की माझे प्रकार हे तीनच. प्रत्येक प्रकार एका ओळीचा रेकॉर्ड: रोख म्हणजे रक्कम, धनादेश म्हणजे रक्कम, क्रमांक आणि बँक. कन्स्ट्रक्टर, इक्वल्स, हॅशकोड, टू-स्ट्रिंग कंपायलर देतो.

त्यावर स्विच लिहिताना तीन केस लिहा आणि डिफॉल्ट लिहू नका. हे मी टीममध्ये पुन्हा पुन्हा सांगतो. डिफॉल्ट नसेल तर तिन्ही केस आल्या आहेत याची खात्री कंपायलर करतो. उद्या एनईएफटीचा चौथा प्रकार आला की रेकॉर्ड जोडल्याबरोबर बिल्ड फुटतं आणि ज्या ज्या स्विचमध्ये तो प्रकार हाताळलेला नाही ती प्रत्येक जागा यादीसारखी समोर येते. डिफॉल्ट लिहिलेला असता तर एनईएफटीचा भरणा गुपचूप 'इतर'मध्ये गेला असता आणि ताळेबंदाच्या वेळी सापडला असता.

दोन ठिकाणी सावध राहा. रेकॉर्डची फील्ड बदलत नाहीत, पण फील्डमध्ये लिस्ट असेल तर लिस्टच्या आतला माल बदलू शकतो, म्हणून कन्स्ट्रक्टरमध्येच 'लिस्ट-कॉपी-ऑफ' करून ठेवा. आणि डेटाबेसच्या जेपीए एंटिटीचे (टेबलातल्या नोंदीशी जोडलेल्या क्लासचे) रेकॉर्ड करू नका. एंटिटीला रिकामा कन्स्ट्रक्टर आणि बदलणारी फील्ड लागतात. एसक्यूएलच्या लांब क्वेरीसाठी टेक्स्ट ब्लॉक (अनेक ओळींची स्ट्रिंग) खुशाल वापरा. 'व्हार' (प्रकाराचं नाव न लिहिता व्हेरिएबल करणं) मात्र उजवीकडे प्रकार स्पष्ट दिसत असेल तिथंच.

सातवी पायरी: व्हर्च्युअल थ्रेड

२१ ची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक धागा. साधा थ्रेड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा थ्रेड, त्याच्या स्टॅकसाठी साधारण १ एमबीची जागा राखली जाते. म्हणून दोनशे थ्रेडचा पूल (तयार ठेवलेला साठा) करायचा आणि बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. व्हर्च्युअल थ्रेड जेव्हीएम सांभाळते. नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत तो अडला की खालचा खरा थ्रेड सोडून देतो आणि दुसरा व्हर्च्युअल थ्रेड त्यावर चढतो. लाखभर सहज चालतात. ज्याचा वेळ वाट बघण्यात जातो त्या कामाला याचा फायदा. व्याजाची गणितं जलद होणार नाहीत, तिथं प्रोसेसरच अपुरा असतो.

स्प्रिंग बूट ३.२ पासून एका प्रॉपर्टीनं हे चालू होतं. पण चालू करण्याआधी डेटाबेसचा पूल बघा. डेटाबेसची कनेक्शन सांभाळणाऱ्या हिकारी या लायब्ररीचा पूल डिफॉल्टनं १० कनेक्शनचा असतो. आधी थ्रेड पूलच धरण म्हणून काम करत होता, दोनशेच्या वर विनंत्या डेटाबेसपर्यंत पोहोचतच नव्हत्या. ते धरण गेलं की हजारो विनंत्या एकदम त्या दहा कनेक्शनवर येऊन आदळतात आणि टाइमआउटचा पाऊस पडतो. यावर उपाय म्हणून व्हर्च्युअल थ्रेडचा पूल करू नका. ज्या साधनाला मर्यादा आहे त्याच्या दारात सेमाफोर (एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारा) ठेवा.

दुसरा धोका पिनिंगचा. जावा २१ मध्ये 'सिंक्रोनाइज्ड' (एका वेळी एकाच थ्रेडला प्रवेश देणाऱ्या) ब्लॉकच्या आत थ्रेड अडला तर तो खालच्या खऱ्या थ्रेडला चिकटून राहतो, आणि खाली खरे थ्रेड साधारण प्रोसेसरच्या कोअरइतकेच असतात. आठ कोअरवर आठ जण असे चिकटले की सगळं ठप्प. फ्लाइट रेकॉर्डर या जेव्हीएमच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनात 'व्हर्च्युअल थ्रेड पिन्ड' हा इव्हेंट बघा आणि तिथं 'सिंक्रोनाइज्ड'ऐवजी रीएंट्रंट लॉक वापरा. मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये 'सिंक्रोनाइज्ड'ची ही अडचण दूर झाली. कोडमध्ये किंवा लायब्रऱ्यांमध्ये 'सिंक्रोनाइज्ड' भरपूर असेल तर २१ वर हे चालू न करता २५ पर्यंत थांबा, असंच मी सांगेन. थ्रेड-लोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडची वेगळी प्रत ठेवणाऱ्या जागेत) जड वस्तू साठवायची सवय असेल तर तीही मोडा. दोनशे प्रती परवडत होत्या, लाखभर परवडणार नाहीत.

२५ बद्दल थोडं

२१ वर स्थिरावलात की २५ ची चाचणी लगेच घ्या. तिथं 'कॉम्पॅक्ट ऑब्जेक्ट हेडर्स' हा पर्याय आहे, तो दिला की प्रत्येक ऑब्जेक्टचं हेडर १२ बाइटवरून ८ वर येतं. छोट्या ऑब्जेक्टचे ढीग असतील तर हीपमध्ये (ऑब्जेक्टच्या मेमरीत) फरक जाणवतो. शिकवणाऱ्यांसाठीही २५ महत्त्वाची आहे: पहिल्या प्रोग्रामसाठी क्लास आणि 'पब्लिक स्टॅटिक' काही लागत नाही, नुसती मेन मेथड पुरते. जावा व्हेरिएबलची नावं देवनागरीत मुळातच चालवते. त्यामुळे पहिल्या तासाला 'रक्कम' आणि 'व्याज' अशी नावं देऊन शिकवता येईल.

प्रिव्ह्यू म्हणून, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, आलेल्या गोष्टी प्रॉडक्शनमध्ये घेऊ नका. स्ट्रिंग टेम्प्लेट २१ आणि २२ मध्ये प्रिव्ह्यू म्हणून होते, २३ मध्ये ते चक्क काढून घेतले गेले.

प्रॉडक्शनवर नेताना

दोन सर्व्हर असतील तर एकावरच नवी जावा ठेवा. जुना जेडीके शेजारच्या फोल्डरमध्ये असू द्या, काढू नका. महिनाअखेरची पूर्ण प्रक्रिया दोन्हीकडे त्याच डेटावर चालवा आणि निघालेल्या फाइल बाइट-दर-बाइट ताडून बघा, नुसत्या बेरजा जुळवून थांबू नका. अरुंद स्पेस आणि बदललेली अक्षरं बेरजेत दिसत नाहीत. मार्चअखेरच्या आधीच्या सहा आठवड्यांत हा बदल कुणी कितीही आग्रह केला तरी करू नका. दोन महिनाअखेरी बिनबोभाट गेल्या की स्क्रिप्ट उघडा आणि 'ॲड-ओपन्स'च्या ओळी एकेक करून काढायला घ्या, सगळ्यात जुनी तारीख असलेली आधी.